दहा अक्षरांचा दाखला

अधिकार कोणाचा हा प्रश्न मनुष्यसमाजाइतकाच जुना आहे; परंतु तो अधिकार कोठें लिहिला आहे व तो कोणास वाचतां येतो, या प्रश्नाकडे त्या मानानें फारच थोडें लक्ष दिलें जातें. सनद, दाखला, शिक्का, दारावरची पाटी या सर्वांचें खरें काम अधिकार निर्माण करणें हें नसून तो चारचौघांच्या दृष्टीस पाडणें हें आहे. जो नियम केवळ राखणदाराच्या मनांत असतो त्याच्याशीं कोणासच वाद घालतां येत नाहीं. जो पाटीवर लिहिलेला असतो त्याचा अर्थ निदान विचारतां तरी येतो. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका पाटीचा इतिहास वाचकांपुढें मांडणार आहों. ती दगडावर कोरलेली नाहीं, ताम्रपटावर उमटलेली नाहीं, आणि तिचें वय अजून साठ वर्षांचेंही नाहीं. युनिक्स नांवाच्या संगणकप्रणालींत व तिच्या वंशजांत फाईलींची सविस्तर यादी मागितली असतां प्रत्येक फाईलीच्या ओळीच्या आरंभीं दहा चिन्हें उमटतात, तीच ही पाटी होय. ही फाईल कोणत्या जातीची आहे, आणि ती वाचण्याचा, बदलण्याचा व चालविण्याचा अधिकार कोणाकोणास आहे, एवढें सर्व या दहा चिन्हांत सांठविलेलें असतें.

हा विषय यंत्रशास्त्रज्ञांचा, त्याच्याशीं आमचें काय काम, असें कित्येक वाचकांस प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु आज ज्या घरांत अँड्रॉइड जातीचा मोबाईल फोन आहे त्या घरांत ही पाटी लागलेली आहेच; ती डोळ्यांस दिसत नाहीं इतकेंच. म्हणून ती कोणीं लिहिली, कां लिहिली, आणि ती लिहिली गेल्यावरही कोठें अपुरी पडली, हें समजून घेणें सुशिक्षित गृहस्थास अप्रस्तुत वाटूं नये.

आरंभींच्या संगणकांस अशा पाटीची गरजच नव्हती. १९५० च्या सुमाराचा संगणक एका वेळीं एकाच मनुष्याचें काम करी. ज्याची पाळी येई तो आपला छिद्रांकित कार्डांचा गठ्ठा घेऊन येई, काम उरके, आणि गठ्ठा उचलून परत जाई. आपलें लेखन दुसऱ्याच्या हातीं पडूं नये असें वाटलें तर कार्डें खणांत ठेवून कुलूप लावलें कीं झालें. ही स्थिति पालटली ती एकाच यंत्रावर अनेकांनीं एकाच वेळीं काम करण्याची युक्ति निघाली तेव्हां. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेंत फर्नांडो कॉर्बातो यांच्या नेतृत्वाखालीं अशी एक प्रणाली तयार झाली व १९६१ च्या नोव्हेंबरांत तिचें पहिलें प्रात्यक्षिक झालें. अनेक माणसें, अनेक टंकयंत्रें, आणि मध्यें एकच यंत्र! सर्वांच्या फाईली एकाच ठिकाणीं राहूं लागल्या. आतां खणाचें कुलूप निरुपयोगी ठरलें, आणि प्रत्येकास परवलीचा शब्द देण्याची वहिवाट पडली.

या प्रणालींत घडलेली एक गोष्ट कॉर्बातो यांनीं स्वतः पुढें सांगितली आहे. एके दिवशीं जो जो मनुष्य यंत्रापाशीं येऊन बसला, त्याच्यापुढें नेहमींच्या सूचनेऐवजीं सर्वांच्या परवलीच्या शब्दांची संपूर्ण यादी छापून आली. यांत कोणाचाही दुष्ट हेतु नव्हता. व्यवस्थापकांपैकीं एकजण दिवसाची सूचना दुरुस्त करीत होता, व त्याच वेळीं दुसरा परवलीच्या शब्दांची फाईल दुरुस्त करीत होता. लेखन दुरुस्त करणारा प्रोग्राम तात्पुरत्या प्रतीस नेहमीं एकच ठराविक नांव देई. दोघांच्या प्रती एकमेकींच्या जागीं गेल्या, आणि जें गुप्त तें जाहीर झालें. ज्या घरांत सर्वांचें सामान एकाच माजघरांत असतें, तेथें कोणती वस्तु कोणाची व तिला कोणीं हात लावावा हें त्या वस्तूवरच लिहिलेलें असावें लागतें, हा या गोष्टीचा बोध होय.

त्यानंतरचा प्रयत्न मल्टिक्स या नांवाचा. तो १९६५ च्या सुमारास याच संस्थेनें, जनरल इलेक्ट्रिक कंपनीनें व बेल प्रयोगशाळेनें मिळून हातीं घेतला. यांत प्रत्येक फाईलीस माणसांच्या नांवांची एक यादी जोडलेली असे. अमक्यानें वाचावें, तमक्यानें वाचावें व लिहावें, तिसऱ्यानें कांहींच करूं नये, असा प्रत्येकाचा निरनिराळा अधिकार त्या यादींत नोंदवितां येई. न्यायाच्या दृष्टीनें पाहतां याहून सूक्ष्म व्यवस्था सांपडणें कठीण. परंतु सूक्ष्म व्यवस्था महागही असते. फाईलींची यादी पाहतांना प्रत्येक नांवापुढें अशी दुसरी यादी छापावयाची म्हटलें तर वाचणाराच्या हातीं ज्ञान न येतां भेंडोळें मात्र येईल. १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेनें या उद्योगांतून अंग काढून घेतलें, आणि तेथील केन टॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे कांहीं सहकारी यांनीं न्यू जर्सींतील मरे हिल येथें एका लहानशा यंत्रावर स्वतःची प्रणाली उभारण्यास आरंभ केला. तीच युनिक्स.

या मंडळींजवळ साधनें अगदींच बेताचीं होतीं, आणि पुष्कळ वेळां घडतें त्याप्रमाणें दारिद्र्यानेंच येथें विवेक शिकविला. मल्टिक्समधील माणसांच्या नांवांच्या यादीऐवजीं त्यांनीं जगाचे दोनच भाग केले: फाईलीचा मालक आणि इतर सर्व. मालकास वाचतां येतें काय, लिहितां येतें काय. इतरांस वाचतां येतें काय, लिहितां येतें काय. फाईल चालवितां येते काय. असे मोजके प्रश्न, आणि प्रत्येकाचें उत्तर होय किंवा नाहीं. अशा होय-नाहींच्या एका खुणेस बिट म्हणतात. मूठभर बिटांत सगळा कारभार मावला. १९७१ च्या अखेरीस या प्रणालीची पहिली छापील माहितीपुस्तिका निघाली. त्याच वर्षीं बेल प्रयोगशाळेच्या पेटंट खात्यांतील टंकलेखकही अर्ज तयार करण्यासाठीं ही प्रणाली वापरूं लागले होते. म्हणजे एकाच यंत्रावर आतां शास्त्रज्ञांचे प्रयोग व कचेरीचे दस्तऐवज एकत्र नांदूं लागले, आणि कोणाचें काय हें उघड दिसण्याची निकड अधिकच वाढली.

यंत्राच्या पोटांत बिटांची नोंद होती खरी, परंतु ती मनुष्यास कशी दाखवावी? ती संख्या म्हणून छापली असती तरी यंत्राचें कांहींच बिघडलें नसतें. कर्त्यांनीं तसें केलें नाहीं. त्यांनीं तिचीं अक्षरें केलीं. पहिल्या आवृत्तींत हीं अक्षरें सहा होतीं. पहिलें अक्षर ‘एस’ किंवा ‘एल’ असे. फाईल लहान आहे कीं मोठी, हें त्यावरून कळे. दुसऱ्या जागीं ‘डी’ असेल तर ती फाईल नसून फाईलींची निर्देशिका, म्हणजे आज ज्यास आपण फोल्डर म्हणतों तें, असें समजावें. ‘एक्स’ असेल तर तो चालविण्याजोगा प्रोग्राम. पुढचीं दोन अक्षरें मालकाच्या वाचण्यालिहिण्याचीं, त्यापुढचीं दोन इतरांच्या वाचण्यालिहिण्याचीं. वाचण्यास ‘आर’, लिहिण्यास ‘डब्ल्यू’. जेथें अधिकार नाहीं तेथें नुसती आडवी रेघ. तेव्हां ‘एस, डी, आर, डब्ल्यू, आर, रेघ’ अशी ओळ दिसली कीं, हें एक लहान फोल्डर असून मालकानें तें वाचावें व बदलावें, इतरांनीं केवळ वाचावें, असा तिचा अर्थ लागे. त्या काळचें टेलिटाइप यंत्र सेकंदास दहा अक्षरें छापी, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या काटकसरीचें मर्म कळेल. शब्द लिहीत बसण्यास सवड नव्हती. पण अक्षरांऐवजीं आंकडे देऊन वाचणारास कोड्यांत टाकणेंही त्यांस पसंत नव्हतें.

या लेखनपद्धतींतील सर्वांत मार्मिक चिन्ह आमच्या मतें तें रेघेचें. ज्या देशांत स्थानमूल्याची व शून्याची कल्पना परिपक्व झाली, तेथील वाचकांस त्याचें महत्त्व विस्तारानें सांगावयास नको. ‘आर’ हें अक्षर एका ठिकाणीं आलें तर मालकाचा अधिकार सांगतें, दुसऱ्या ठिकाणीं आलें तर परक्याचा. अक्षर तेंच, अर्थ जागेचा. असें असतां नसलेल्या अधिकाराची जागा मोकळी सोडून चालत नाहीं. ती कांहीं तरी खुणेनें धरून ठेवावी लागते. २०५ मधील शून्य काढून टाकलें तर दोनशेंचे वीस होतात. त्याचप्रमाणें येथील रेघ काढून टाकली तर परक्याचा अधिकार मालकाच्या जागीं सरकतो. शिवाय रेघ आणखी एक काम करते. ती नकार दृश्य करते. काय दिलें आहे हें सर्वच सनदा सांगतात. काय दिलेलें नाहीं हेंही त्याच ओळींत सांगणारी सनद विरळा.

पुढें ही ओळ वाढत गेली. रिची व टॉम्प्सन यांनीं १९७४ सालीं आपल्या प्रणालीवर जो प्रसिद्ध लेख छापला, त्यांत संरक्षणाचे सात बिट सांगितले आहेत: मालकाचे तीन, इतरांचे तीन, आणि एक विशेष. त्याच लेखाची सुधारलेली आवृत्ति १९७८ सालीं प्रसिद्ध झाली, तींत सातांचे दहा झालेले दिसतात; कारण मालक व जग यांच्यामध्यें ‘गट’ म्हणून एक तिसरा वर्ग आला होता. हा बदल केवळ यंत्राचा नव्हे. आपण आणि परके यांच्या दरम्यान सहकारी म्हणून कोणी असतात, एकाच खात्यांतील माणसें एकमेकांचीं कागदपत्रें पाहतात पण शेजारच्या खात्यानें तीं पाहूं नयेत, हा व्यवहारांतील अनुभव त्यांत उतरला. आतां मालक, गट व इतर अशा तिघांस वाचन, लेखन व चालन असे तीन तीन अधिकार मिळून नऊ जागा झाल्या, आणि त्यांच्या आधीं जातीचें एक अक्षर. अशीं हीं दहा चिन्हें. ‘डी, आर डब्ल्यू एक्स, आर रेघ एक्स, आर रेघ एक्स’ ही ओळ आज जगांतील असंख्य संगणकांत दिसते. हें फोल्डर आहे. मालकास सर्व मोकळीक, गटास व इतरांस आंत येण्याची व पाहण्याची मुभा, बदल करण्यास मनाई. असें ती सांगते.

जातीच्या अक्षराचा इतिहास तर भाषाशास्त्राच्या अभ्यासकांसही रमवील असा आहे. युनिक्सच्या कर्त्यांनीं छापण्याचें यंत्र, चुंबकीय फीत, तबकडी यांसही फाईलच मानलें. म्हणून त्यांच्यासाठीं ‘बी’ व ‘सी’ हीं अक्षरें आलीं. पहिलें तुकड्यातुकड्यांनीं मजकूर घेणाऱ्या साधनाचें, दुसरें एकेक अक्षर घेणाऱ्या साधनाचें. साध्या फाईलीस जातिवाचक अक्षरच नाहीं. तेथें रेघ असते. लहानमोठेपणा दाखविणारीं जुनीं ‘एस’ व ‘एल’ हीं अक्षरें लवकरच गळालीं. कारण फाईल लहान कीं मोठी हा यंत्राच्या घरगुती सोयीचा प्रश्न होता, वाचणारास त्याचें प्रयोजन नव्हतें. परंतु रिकामी झालेली जागा अक्षरांच्या जगांत फार दिवस रिकामी राहत नाहीं. १९८३ सालीं बर्कली विद्यापीठाच्या आवृत्तींत एका फाईलीच्या नांवावरून दुसरीकडे बोट दाखविणारी एक नवी जात आली, तिनें ‘एल’ घेतलें. दोन प्रोग्रामांच्या संभाषणाचें द्वार म्हणून दुसरी एक जात आली, तिनें ‘एस’ घेतलें. पहिल्या आवृत्तीचा वाचक आज ही ओळ पाहील तर अक्षरें ओळखील, अर्थ मात्र चुकेल. शब्द राहतो व अर्थ पालटतो, हा नियम यंत्रांच्या भाषेसही चुकलेला नाहीं.

येथें एक गोष्ट सांगितली पाहिजे. हे नऊ अधिकार लिहिण्याची दुसरी एक लिपि आहे, आणि ती आंकड्यांची आहे. वाचनास ४, लेखनास २, चालनास १ असे गुण धरून त्यांची बेरीज करावी. तिघांच्या तीन बेरजा शेजारीं मांडल्या कीं तीन आंकडी संख्या होते. वर दिलेल्या फोल्डराचे अधिकार या लिपींत ७५५ होतात. जाणत्यांस ही लिपि फार प्रिय आहे, कारण ती आंखूड आहे व यंत्राच्या पोटांतील नोंदीशीं तंतोतंत जुळते. पण तिच्यांत एक धोका आहे. एखादा प्रोग्राम चालेनासा झाला कीं कंटाळलेला मनुष्य ७७७ हा आंकडा ठोकून देतो आणि काम भागलें म्हणून समाधान मानतो. आंकडा पाहून त्यास कांहींच भय वाटत नाहीं. तोच हुकूम अक्षरांत उमटला म्हणजे नऊच्या नऊ जागा भरलेल्या दिसतात, एकही रेघ शिल्लक राहत नाहीं, आणि ही फाईल वाटेल त्यानें वाचावी व वाटेल तशी बदलावी असें आपण जाहीर केलें आहे, हें डोळ्यांपुढें उभें राहतें. १९७९ सालीं निघालेल्या सातव्या आवृत्तींत अधिकार बदलण्याचा हुकूमही अक्षरांत देण्याची सोय झाली: इतरांचा लेखनाधिकार काढावयाचा तर ‘ओ’, उणें चिन्ह, ‘डब्ल्यू’ असें लिहावें. वाचण्याची लिपि व आज्ञेची लिपि यांत जें अंतर होतें तें अशा रीतीनें पुष्कळसें कमी झालें.

या ओळींतील सर्वांत बिकट अक्षर म्हणजे चालनाच्या जागीं कधीं कधीं येणारें ‘एस’. सामान्य मनुष्यास आपला परवलीचा शब्द बदलतां आला पाहिजे. परंतु तो ज्या फाईलींत नोंदलेला असतो ती बदलण्याचा अधिकार त्यास देऊन चालत नाहीं, नाहीं तर तो दुसऱ्याचाही बदलील. हा पेच डेनिस रिची यांनीं सोडविला. प्रोग्रामवर एक विशेष खूण करावी. ती असली म्हणजे प्रोग्राम कोणींही चालविला तरी तेवढ्या कामापुरता तो आपल्या मालकाच्या अधिकारानें वागेल. कुळकर्ण्यानें रयतेच्या सांगण्यावरून नोंद करावी, पण दप्तर रयतेच्या हातीं देऊं नये, अशांतलाच हा प्रकार. या कल्पनेचें पेटंट १९७३ सालीं मागितलें गेलें, १९७९ सालीं मिळालें, आणि पुढें कंपनीनें तें सार्वजनिक उपयोगासाठीं मोकळें करून दिलें. उसना अधिकार हा उपयोगी तितकाच घातक. अशा प्रोग्रामांत एखादी चूक राहिली तर परक्यास मालकाचें सर्वस्व हातीं लागतें. म्हणूनच ज्या प्रोग्रामांवर हें अक्षर आहे त्यांची यादी अधूनमधून काढून पाहणें हें जागरूक व्यवस्थापकाचें कर्तव्य मानलें जातें. अक्षर उघड दिसतें म्हणून तर ही यादी काढतां येते.

येथवर वाचून वाचकांचा असा समज होईल कीं, अधिकार वाचनीय झाला म्हणजे सर्व संकटें टळलीं. इतिहास तसें म्हणूं देत नाहीं, आणि या लेखाचें खरें तात्पर्य याच ठिकाणीं आहे.

परवलीच्या शब्दांची जी फाईल, तिच्यावर युनिक्समध्यें वाचनाचें ‘आर’ हें अक्षर तिन्ही जागीं होतें. म्हणजे ती कोणींही वाचावी. हें चुकून झालें नव्हतें. त्या फाईलींत माणसांचीं नांवें व इतर माहिती असे, ती अनेक प्रोग्रामांस लागे. आणि परवलीचे शब्द तेथें मूळ रूपांत नसून अशा सांकेतिक रूपांत ठेवलेले असत कीं, त्यावरून मूळ शब्द उलट काढतां येऊं नये. बेल प्रयोगशाळेंतील रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनीं १९७९ सालीं या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनीं ३,२८९ परवलीचे शब्द तपासले होते, आणि त्यांपैकीं २,८३१, म्हणजे शेंकडा ८६, एक तर फार आंखूड अथवा केवळ साध्या अक्षरांचे निघाले, नाहीं तर कोशांत किंवा नामावळींत सांपडणारे निघाले. संकेत उलगडतां येत नसला तरी चालेल. शब्दकोशांतील एकेक शब्द घेऊन त्याचा संकेत करावा व फाईलींतील संकेताशीं ताडून पाहावा, एवढें पुरे. ज्यास ती फाईल वाचतां येते त्यास हें करतां येतें. आणि वाचतां तर ती सर्वांसच येत होती. या धोक्यावर तोड म्हणून त्यांनीं संकेत करण्याची क्रिया मुद्दाम मंद केली व प्रत्येक शब्दांत थोडी यादृच्छिक भर घातली. परंतु ‘आर’ हें अक्षर होतें तेथेंच राहिलें.

पुढें नऊ वर्षांनीं, २ नोव्हेंबर १९८८ रोजीं, कॉर्नेल विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्यानें सोडलेला एक प्रोग्राम आपोआप यंत्रांतून यंत्रांत पसरूं लागला. हजारों संगणक त्यानें जेरीस आणले. त्या वेळचा प्रसिद्ध अंदाज सहा हजारांचा होता. शिरकाव करण्याचे त्याचे मार्ग अनेक होते, परंतु त्यांतील एक असा: शिरलेल्या यंत्रावरील ती सर्वांस वाचनीय असलेली फाईल उघडावी, माणसांचीं नांवें व त्यांचींच उलटसुलट रूपें परवलीचा शब्द म्हणून लावून पाहावीं, मग स्वतःजवळच्या ४३२ शब्दांची यादी लावावी, आणि जो शब्द जुळेल त्याच्या बळावर शेजारच्या यंत्रांत पाऊल टाकावें. हा विद्यार्थी म्हणजे रॉबर्ट टॅपन मॉरिस. १९७९ च्या निबंधाचे एक कर्ते रॉबर्ट मॉरिस हे त्याचे वडील. १९९० सालीं न्यायालयानें त्यास तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची, चारशें तास समाजसेवा करण्याची व १०,०५० डॉलर दंडाची शिक्षा दिली. पित्यानें ज्या भगदाडाची मापें घेऊन ठेवलीं होतीं, त्यांतूनच पुत्राचा प्रोग्राम आंत शिरला!

या सर्व काळांत तें अक्षर लपलेलें नव्हतें. यादी मागणाऱ्या प्रत्येकास तें तीन वेळां दिसत होतें. हजारों जाणत्या माणसांनीं तें पाहिलें. तें तेथें असावें काय असा प्रश्न फारच थोड्यांनीं विचारला. त्या सुमारास निरनिराळ्या प्रणालींत संकेतांची फाईल वेगळी काढण्यांत आली, आणि तिच्यावरील इतरांच्या जागीं वाचनाचें अक्षर जाऊन रेघ आली. दुरुस्ति म्हणून पाहिलें तर एका अक्षराची. पण ती सुचण्यास व पत्करण्यास कित्येक वर्षें जावीं लागलीं. लिहिलेला अधिकार आणि वाचलेला अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें यावरून दिसून येईल.

दाखल्याच्या मर्यादाही प्रामाणिकपणें सांगितल्या पाहिजेत. पहिली अशी कीं, अक्षर एक असलें तरी वस्तूप्रमाणें त्याचा अर्थ बदलतो. फाईलीवरील ‘एक्स’ म्हणजे चालविण्याचा अधिकार. फोल्डरावरील ‘एक्स’ म्हणजे त्यांतून पुढें जाण्याचा अधिकार. दुसरी याहून चमत्कारिक: एखाद्या फाईलीवर लिहिण्यास मनाई असूनही ती नाहींशी करतां येते, कारण नाहींशी करणें हें फाईलीवर लिहिणें नसून ज्या फोल्डरांत तिचें नांव आहे त्यावर लिहिणें होय. घराची सनद पाहावी आणि जमिनीची पाहूं नये, अशांतला हा फसवा प्रकार. पुढें १९८६ सालीं सार्वजनिक फोल्डरांसाठीं शेवटच्या जागीं ‘टी’ हें अक्षर या अर्थानें योजण्यांत आलें, कीं येथें सर्वांनीं ठेवावें, पण ज्याचें त्यानेंच काढावें. तिसरी मर्यादा अशी कीं, सर्वाधिकारी व्यवस्थापकास, ज्यास ‘रूट’ म्हणतात त्यास, मूळच्या युनिक्समध्यें वाचण्यालिहिण्याच्या या अक्षरांचें बंधन नाहीं. आणि त्याचा उल्लेख दहांपैकीं एकाही जागीं नाहीं. राजाचा अधिकार प्रजेच्या दाखल्यावर लिहिलेला नसतो, तसेंच हें. चौथी मर्यादा काळानें आणली. तीन वर्गांनीं मोठ्या कचेऱ्यांचें भागेना, म्हणून मल्टिक्समधील माणसांच्या नांवांच्या याद्या पुन्हां आल्या. त्या दहा जागांत मावत नाहींत; म्हणून पुष्कळ प्रणालींत ओळीच्या शेवटीं अकरावें एक अधिक चिन्ह उमटतें. येथें आणखी कांहीं लिहिलेलें आहे, तें अन्यत्र पाहावें, एवढेंच तें सांगतें. आम्हांस तें चिन्ह दाखल्याच्या प्रामाणिकपणाचें द्योतक वाटतें. कारण जें आपणांस सांगतां येत नाहीं त्याची सूचना तरी तो देतो.

आतां आरंभीं सांगितलेल्या घरांतील फोनाकडे वळूं. २००८ सालीं बाजारांत आलेल्या अँड्रॉइडच्या बुडाशीं युनिक्सच्याच वळणाची लिनक्स ही प्रणाली आहे. तींत एक मोठी कल्पक उलटापालट केलेली आहे. जुन्या यंत्रांत प्रत्येक मनुष्य हा एक वेगळा वापरकर्ता असे. येथें मनुष्य एकच, पण त्यानें घेतलेला प्रत्येक ॲप हा स्वतंत्र वापरकर्ता मानला जातो. पत्रव्यवहाराच्या ॲपनें बँकेच्या ॲपची फाईल वाचूं नये, ही तजवीज आंतून याच मालक, गट व इतर या भेदावर उभारलेली आहे. फरक असा कीं, ती ओळ आतां घरांतील माणसांस दिसत नाहीं. तिच्या जागीं २०१५ पासून दुसरी एक वाचनीय पाटी आली आहे: हा ॲप आपले संपर्क, छायाचित्रें किंवा आपलें ठिकाण पाहूं इच्छितो, परवानगी द्यावी काय, असें फोन प्रसंगीं विचारतो, आणि तेंही आपल्या भाषेंत. मरे हिलच्या दहा अक्षरांहून ही पाटी किती तरी सुबोध आहे. ती समजण्यास कोणा जाणत्याची मदत लागत नाहीं.

तरीही घरोघर काय होतें हें आपण जाणतोंच. पाटी उमटते, बोट पुढें होतें, आणि एक शब्दही न वाचतां होकार दिला जातो. १९७१ सालीं ज्यांच्यापाशीं सेकंदास दहा अक्षरें छापणारें यंत्र होतें, त्यांनीं त्यांतील मोलाचीं अक्षरें अधिकार उघड करण्यासाठीं खर्च केलीं; आपल्यापाशीं क्षणांत पानेंच्या पानें दाखविणारें यंत्र आहे, आणि एक ओळ वाचण्यास आपणांस सवड होत नाहीं. अधिकार अक्षरांत मांडणें हें लिहिणाराचें काम होतें, व तें त्यानें आपल्या परीनें चोख बजाविलें. पुढचें काम वाचणाराचें आहे, आणि तें त्याच्या वतीनें कोणतेंही यंत्र करूं शकत नाहीं.